मागच्या बाजूनं

सत्याऐंशीपासून पुढली वीसेक वर्षं
मी टीव्हीच्या मागेच बसलो.
सक्करदरा, नंदनवन, कधी पार हिंगण्यापर्यंत
सायकलच्या कॅरिअरला सोल्डरिंगची पेटी बांधून.
सेट बिघडायचा तो नेमका मालिकेच्या अर्धा तास आधी.
"पराते, लवकर या ना जी,
आवाज येऊन राहिला, पण माणसं वर सरकतात."

मी मागचं झाकण काढून
धुळीत, झुरळांच्या अंड्यांत हात घालायचा.
पलीकडे अख्खं घर मांडी घालून.
माणसं सरकायची थांबली
की मला चहा विचारायचंही कुणाच्या ध्यानात राहायचं नाही,
कारण तो कारकून आलेला असायचा,
कचेरीत छत्री विसरणारा
आणि छत्री आणायला परत गेला की डबा विसरणारा.

मी त्याला पाहिलं नाही कधी.
मी पाहिले डेकाटे मास्तर,
गालातली सुपारी न सांडता हसणारे.
निमजेबाईंची सासू, कानानं ठार बहिरी,
सगळ्यांच्या जरा मागून हसायची
आणि सगळे थांबले तरी हसतच राहायची.
खोब्रागड्यांचा पोरगा,
दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी
दाराशी उभा,
आज हसायचं नाही म्हणून गाल आतून चावत.
सगळ्यांच्या दातांवर निळा उजेड.

आता मे महिना. सत्तेचाळीस.
कूलरच्या ताट्यांवर पाणी मारतो, पडदे ओढतो.
शलाकानं, बहिणीच्या नातीनं,
भिंतीवर टांगून दिला हा पाटासारखा टीव्ही,
ज्याला मागची बाजूच नाही.
यात सगळं आहे म्हणाली, तुमच्या वेळचं पण.
शोधलं तर खरंच, तो कारकून निघाला.

एवढुसा होता हो!
आवाजावरून मला वाटायचं, धिप्पाड, मिशीवाला.
हा तर काडी, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
त्याच्या बायकोचा राग मागून ऐकताना खरा वाटे,
समोरून पाहिलं
तर ती बाई सारा वेळ हसू दाबून राहिली.
इतक्या घरांत फिरलो,
हे मला कुणी सांगितलंच नाही.

छत्रीचं वाक्य आलं.
मी लगेच हसलो नाही,
थोडा थांबलो,
निमजेबाईंच्या सासूला वेळ लागतो.

सव्वीस भाग, नऊ दुपारी.
शेवटच्यात तो छत्री घेऊन घरी येतो आणि बाहेर कडक ऊन असतं,
बस.
मी पुन्हा पहिल्यापासून लावला.

"आजोबा, काहून तेच ते पाहता? हे घ्या, नवीन."
तीन मुली, पुण्यात भाड्याची खोली, एकच गीझर.
यात मागून कुणी हसत नाही,
त्यामुळं कुठं हसायचं ते समजत नाही.
एक मुलगी बोलते. दुसरी फ्रिज उघडते,
पाहते, बंद करते.
शलाका खो खो.
"काय झालं बाप्पा यात?"
"काहीच नाही ना झालं, तेच तर!"

तीन भाग मी झोपलो.
चौथ्यात घरमालक येतो गीझर पाहायला,
झाकण खोलतो, स्क्रू ओठांत धरतो
आणि भाडेवाढीचं बोलता बोलता
गिळून टाकतो.

तसाच मी गिळला होता.
शहाण्णव साली, रेशीमबागेत, हेडाऊंकडे.
त्यांना म्हटलं एक स्क्रू कमीच होता,
आणि दोन दिवस केळी खाल्ली.
शलाकाला सांगितलं. आजवर कुणालाच नव्हतं.
कूलरचं पाणी संपलं, मोटर कोरडी ओरडत होती,
उठायचं कुणाला भान.

आता रोज रात्री एक भाग.
ती मेट्रोनं येते, कागदात मूगवडे, वरून तळलेल्या मिरच्या.
मी खुर्ची टीव्हीखाली, भिंतीला टेकवून ठेवतो.
"आजोबा, टीव्ही तुमच्या डोक्यावर आहे."
हो हो, म्हणतो,
ऐकून राहिलो ना मी.